नेवेन्काच्या कपाटातली काचपट्टी

मी काचपट्टी बोलतेय, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती. बोटाएवढी लांब, दीड बोटाच्या जाडीइतकी रुंद. माझ्या अंगावर, पातळशा झाकणकाचेखाली, एक जांभळा डाग आहे. नेवेन्काच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ होती ना, तिचा हा काप. कांद्याचा पापुद्रासुद्धा याच्यापुढे जाडा वाटेल.

आमच्या किकिंदा गावात काच रुग्णाच्याच हाती देतात. दुसरीकडे दाखवायची तर आपली आपण न्यायची. ऑपरेशननंतर मी नेवेन्काच्या पर्समधून नोवी सादला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन आले आणि मग अकरा वर्षं बिस्किटांच्या डब्यात पडून राहिले, प्लमच्या जॅमच्या बरण्यांमागे.

तिचा नवरा स्वेतोझार जॅम काढायला आला की मला बघून भडकायचा. "ही अवदसा कालव्यात फेक एकदाची!"

"राहू दे रे. शत्रूचा फोटो घरात असलेला बरा. परत आला तर ओळखता येईल."

स्वतःला शत्रू म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल? पण तिचं चुकत नव्हतं.

या वसंतात तिचं खुब्याचं हाड ठणकू लागलं. एक्स-रेमध्ये हाडाला गोल भोक दिसलं. गावातल्या तरुण डॉक्टरांनी लगेच गोळ्या लिहून दिल्या. जुनाच आजार हाडात उतरला, म्हणाले.

घरी आल्यावर ती कपाटासमोर स्टुलावर बसली. "अकरा वर्षं मी उगाच मिरवत होते, जिंकले म्हणून," ती म्हणाली आणि रडली. मला डब्यात अगदी अपराध्यासारखं झालं. पण खरं सांगते, मला कुतूहलही वाटत होतं. खरंच माझंच कुणी तिकडे पोचलंय?

नेवेन्काने तीस वर्षं कौलांच्या कारखान्यात तपासणी केली होती. प्रत्येक कौल बोटांनी वाजवायचं, आवाज बद्द आला की बाजूला काढायचं. दुसऱ्या दिवशी ती तोंड धुऊन थेट डॉक्टरांकडे गेली. परत आल्यावर नवऱ्याला सांगत होती, "मी विचारलं, हाडातलं काढून बघितलंत का? तर म्हणे, बघायचं काय त्यात!"

"अगं, शिकलेला माणूस आहे तो."

"असेल. पण न वाजवता मी एक कौल पास केलं नाही. हे तर माझं हाड आहे!"

गोळ्या तशाच ठेवून ती नोवी सादला गेली. सुईने हाडातला तुकडा काढला. तिथल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर झ्लातिया, साठीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी आधी हात पुढे केला. "जुनी काच आणलीत ना?"

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मग हाडातल्या तुकड्याच्या नव्या काचेला. मग पुन्हा मला. नेवेन्का दारातच उभी होती, स्वेतोझार टोपी पिळत.

"या बघा बाई, तुम्हीच बघा," झ्लातिया म्हणाल्या. "ही तुमची जुनी. पेशी एकमेकींना चिकटून, घोळक्याने बसल्यात. आणि ही हाडातली. सगळ्या सुट्या सुट्या, प्रत्येकीचं केंद्रक एका बाजूला सरकलेलं. या दोन काचांचं एकमेकींशी नातं नाही. पुढच्या चाचण्या करू, पण मला शंका नाही. हा रक्ताचा कॅन्सर आहे, हाडाच्या मज्जेतला. याचं औषध वेगळं. त्या गोळ्यांनी याला काही झालं नसतं."

"म्हणजे कॅन्सरच!" स्वेतोझार म्हणाला.

नेवेन्का मात्र अजून नळीला डोळा लावून होती. "म्हणजे पहिला परत आलाच नाही?"

"इथे तरी नाही."

"मग त्याला मी हरवलं होतं," ती म्हणाली. डोळे पुसले आणि औषध कधी सुरू करायचं ते विचारलं.

आता डब्यात आम्ही दोघी आहोत. शेजारीण नवी आहे, मी तिला निरखत असते. तिचा स्वभाव अजून कळलेला नाही. नेवेन्काचे उपचार चालू आहेत. केस गळतात, खुबा कमी दुखतो. तुम्हाला एवढंच सांगते, कुणाच्या हाडात भोक दिसलं तर माझं नाव घेण्याआधी मला एकदा उजेडात धरून बघा.

काल स्वेतोझार जॅम काढायला आला. डबा हातात घेतला, उघडला. मला वाटलं, आता मी कालव्यात. त्याने रुमालाने मला पुसलं, जपून परत ठेवलं आणि हळूच म्हणाला, "तू निदान खोटं बोलली नाहीस."