लास पाल्मासला उजाडेपर्यंत

ओकसिलने फोन उचलला, तीन आकडे दाबले आणि पुन्हा ठेवून दिला. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर घड्याळांच्या चौकटी ओळीने मांडलेल्या होत्या. कंपनीच्या बोटी आणि खलाशांची घरं जिथे जिथे होती, तिथली वेळ त्यांत दिसे. हा प्रोग्राम तिनेच हट्टाने मागून घेतला होता, भलत्या वेळी कुणाची झोपमोड नको म्हणून. इथल्या, कोरियातल्या बुसानच्या चौकटीत लख्ख सकाळ होती. दूर स्पेनच्या बेटावरल्या लास पाल्मास बंदराची चौकट काळी होती.

"लावलास?" माकसाहेबांनी दारातूनच विचारलं.

"तिकडे मध्यरात्र आहे, साहेब. म्हातारा घरात एकटा असतो."

"मग?"

"उजाडेपर्यंत झोपू दे की त्याला. यानंतर कुठली झोप लागायची?"

माकसाहेब घुटमळले. "बघ बाई तू," म्हणाले आणि सुटल्यासारखे आत निघून गेले.

दक्षिण प्रशांतात कंपनीच्या एका बोटीच्या इंजिनखोलीला आग लागली होती. थाक जेहून हा खलाशी आत सापडून गेल्याचं आज सकाळी पक्कं कळलं. त्याचा बाप म्योंगगिल जन्मभर असल्याच मासेमारीच्या बोटींवर राबला आणि शेवटी लास पाल्मासलाच राहिला. नव्या वर्षाला ऑफिसात फोन करून तो ओकसिलला लग्नावरून हमखास चिडवायचा.

जेवायच्या सुट्टीत सगळे कोपऱ्यावर रस्साभात खायला गेले. ती गेली नाही. दुपार कलली तेव्हा कुठे त्या काळ्या चौकटीचा रंग फिकटला.

पहिल्याच घंटीला पलीकडे फोन उचलला गेला.

"काका, मी ओकसिल. उठवलं का?"

"झोपलो कुठे होतो, पोरी." आवाज खरखरीत होता. "दुसऱ्या बोटीवरच्या स्वयंपाक्याने काल संध्याकाळीच कळवलं, आग लागली म्हणून. आत कोण, बाहेर कोण, त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हटलं, तुमच्याकडे आता दिवस उजाडेल. वाईट असेल तर ऑफिसातून फोन येईलच. फोनपाशीच बसून होतो. तुमचं ऑफिस उघडलं असेल, तुमची जेवणं झाली असतील, तरी फोन नाही. मग धीर आला. दोन घास भातही खाल्ला."

ओकसिलने तोंडावर हात दाबला.

"आणि आता केलास," तो म्हणाला. "म्हणजे गेला."

"हो, काका."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कधी कळलं?"

माकसाहेब दारात येऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली.

"आत्ताच," ती म्हणाली. "आत्ता कळलं."

"बरं," म्हातारा म्हणाला. "म्हणजे रात्रभर जिवंत होता तो."