सुईबेडकाची साक्ष

चष्म्याची डबी उघडली आणि आतून बेडूक निघाला. चष्मेवाल्यांच्या बायकोला सुईत दोरा ओवायचा होता, त्यासाठी चष्मा हवा होता, आणि आता तिच्या खांद्यावर बेडूक होता. तिथून त्याने शिवणाच्या डब्यात उडी घेतली. ती अशी काही किंचाळली की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"अगं, घाबरतेस काय? साधा खडखड्या आहे तो," चष्मेवाले रिळं उपसत म्हणाले. "बोटांच्या टोकांना गाद्या आहेत का, एवढंच भिंगाखाली बघायचं होतं."

"म्हणून माझ्या डबीत?"

"माझ्या डबीत त्याला दाटी झाली असती."

हे वाक्य त्यांनी गिळायला हवं होतं. बायकोने शिवणाचा डबा मिटला, तोंडही मिटलं. तिचा अबोला त्यांनी जन्मभर सोसला होता, पण आज संध्याकाळी बेडकांची मोजणी होती.

चष्म्याचं दुकान जावयाच्या हाती गेलं तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. नाव तेवढं चिकटून राहिलं. दलदलीवर मात्र त्यांचा रुबाब होता. दिवस मावळताना मंडळी बांधावर उभी राहत, गवतातून आवाज येई, आणि सगळे चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे बघत. ते डोळे मिटून सांगत, "घोरक्या." किंवा, "खडखड्या." ही नावं मंडळींनीच पाडलेली. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

यातली गोम अशी, की चष्मेवाल्यांना ऐकू येत नव्हतं. माणसांचं बोलणं कळे, पण बारीक आवाज केव्हाच बंद झाले होते, आणि आता बेडूकही एकेक करून गप्प होत चालले होते. हे ठाऊक होतं फक्त बायकोला. ती घडीचं स्टूल घेऊन त्यांच्या मागे बसे आणि छत्रीच्या मुठीने त्यांच्या गमबुटावर ठोके देई. एक ठोका घोरक्या, दोन ठोके खडखड्या. तीन ठोके सुईबेडकाचे. हा टाचणीएवढ्या आवाजाचा बेडूक इथून नाहीसा झाला असं सगळे म्हणत, त्यामुळे तीन ठोके देण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

संध्याकाळी ती आली. एक शब्द न बोलता आली, स्टूल मांडून बसली. चष्मेवाल्यांना जरा हायसं वाटलं.

मोजणी बघणाऱ्या मॅडम कॉलेजात शिकवत. त्यांनी नियम पुन्हा सांगितला, "सुईबेडूक ऐकू आलाच, तर दोघांनी ऐकलेला हवा. एकट्याच्या कानावर मी नोंद करणार नाही."

"चष्मेवाल्यांच्या कानावरसुद्धा नाही?" निवृत्त पोस्टमास्तरांनी खोचकपणे विचारलं. त्यांच्याकडे सगळ्यांत मोठी बॅटरी होती, पण विचारायला लोक चष्मेवाल्यांकडे जात, हे त्यांचं जुनं दुखणं होतं.

सगळे गप्प उभे राहिले. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. बुटावर काही पडेना. बराच वेळ पडेना. 'रागावलीय अजून,' ते मनात म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसणार तोच बुटावर ठक, ठक, ठक!

त्यांच्या अंगावर काटा आला. "सुईबेडूक!" ते जवळजवळ ओरडलेच.

मग पोस्टमास्तर घाईघाईने म्हणाले, "हो, हो! मीही ऐकला. मी बोलणारच होतो!"

"मलाही आला, पुसटसा," बेकरीवाल्याने री ओढली.

मॅडमनी कानावरचे केस मागे सारले. "मला कसा नाही आला?" त्या पुटपुटल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "किती वर्षं वाट बघतेय मी. सगळे म्हणायचे, संपला तो. दोघांनी ऐकलाय ना? मग लिहिते."

चष्मेवाले छाती फुगवून मागे वळले. बायको छत्रीचं टोक गवतावर झटकत होती, आणि टोकाला एक लठ्ठ जळू वळवळत होती. बुटावरून वर निघालेली जळू अबोला न मोडता हाणायची, तर दुसरा उपाय तरी कोणता होता?

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. साक्षीला पोस्टमास्तर तयार होते, बेकरीवाला तयार होता. पण मॅडम पेनाचं टोपण काढून डोळे पुसत होत्या, आणि ते त्यांना बघवेना.

"लिहू नका," ते म्हणाले. "ती जळू होती."

"काय होती?"

"जळू. हिने ती बुटावरून झटकली. मला वाटलं... मला ऐकू येत नाही, मॅडम. गेली दोन वर्षं ही ठोके देते आणि मी बोलतो."

बेकरीवाला आधी हसला, मग सगळेच हसले. पोस्टमास्तर हसता हसता थांबले, कारण मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या.

"मास्तर, तुम्ही मग काय ऐकलंत?"

पोस्टमास्तर एकाएकी बॅटरीतले सेल तपासू लागले.

मॅडम बायकोकडे वळल्या. "म्हणजे दोन वर्षं सगळे बेडूक तुम्ही ओळखलेत?"

"मला काय कळतंय त्यातलं?" बायकोने अबोला मोडला, तोही परक्या बाईशी. "हे घरात दिवसभर तसले आवाज काढायचे. डोक्यात बसले."

"पुढच्या वेळी पुढे उभ्या राहा. आणि चष्मेवाले, तुम्हीही या. बेडकाच्या बोटांच्या गाद्या बघायला डोळे लागतातच."

चष्मेवाले हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. पुढच्या वेळी सगळे कुणाच्या तोंडाकडे बघतील, ते त्यांना कळलं होतं.

परतताना स्टूल त्यांनी काखेत मारलं. रस्त्याखालच्या मोरीपाशी बायको थबकली. तिने मान वाकडी केली, श्वास रोखला, आणि हळूच त्यांच्या बुटावर छत्री टेकवली. ठक, ठक, ठक.

"पुन्हा जळू?"

"नाही हो. तोच आहे. अगदी तुम्ही काढता तसा."

ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. समोर काळोख दाटत होता, आणि त्यातून त्यांच्यापर्यंत काहीही येत नव्हतं. मागे मंडळींच्या बॅटऱ्या बांधापलीकडे उतरून गेल्या होत्या.

"थांबा, हाक मारते त्यांना."

"येईपर्यंत गप्प होईल तो. आणि दुसरा साक्षीदार मी नाही होऊ शकत."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "झाला गप्प," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी स्टूल खाली ठेवलं. "कसा होता? मी काढतो तो ऐकीव आहे गं. तू खरा ऐकलास. करून दाखव."

"इथे? रस्त्यात?" बायकोने मागेपुढे बघितलं. कुणी नव्हतं. मग टाचा उंचावून तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. त्यांना तिचा ऊबदार श्वास तेवढा कळला.

"ऐकलात?"

"ऐकला," ते म्हणाले.

"खोटारडे," ती म्हणाली, आणि त्यांचा खांदा धरून पुन्हा चवड्यांवर उंच झाली.