जयरामच्या फाईलीतलं गाऱ्हाणं

गुरुवारी बारानंतर कुणी मला काम सांगितलं की माझं डोकंच फिरतं. शुक्रवारच्या सुट्टीआधीचा अर्धा दिवस ना तो? पण कुवेत सिटीतल्या त्या सरकारी वकिलांच्या ऑफिसात घड्याळाला विचारतो कोण! बद्रसाहेबांच्या टेबलावर त्या दिवशी त्रेचाळीस फायली होत्या. मारामाऱ्या, चोऱ्या, अपघात. कुणाला सोडायचं, कुणाला कोठडीत ठेवायचं, कुणावर खटला भरायचा, सगळं त्या एका माणसाच्या सहीवर. आणि आरोपी आपल्याकडचा असला की मध्ये मी. मी मूळची कणकवलीची नर्स. वॉर्डात बोलून बोलून अरबी शिकले, तर एकोणऐंशी साली ह्या लोकांनी मला दुभाषी म्हणून उचललं.

ती फाईल जयरामची होती. शुवैखच्या एका गोदामातला सुतार, वय अठ्ठावीस. लाकडाच्या फळ्यांची थप्पी कोसळून वॉचमनचा पाय मोडला होता. फोरमनचा जबाब असा, की थप्पीची दोरी जयरामने करवतीने कापली. नऊ दिवस बिचारा कोठडीत. आज सही झाली नाही तर आणखी एकवीस दिवस, आणि तोवर कंपनी व्हिसा रद्द करून त्याला घरी धाडणार. बेड्या घातलेला तो भिंतीशी उभा होता, तोंड एवढंसं झालेलं.

साक्षीदार एकच, त्याच्याच गावचा तुळशीदास. पन्नाशीचा गवंडी, त्याच गोदामात कामाला. बद्रसाहेब म्हणाले, "आधी शपथ. त्याच्या देवाची."

मी सांगितलं. तुळशीदासने मान हलवली. "बाय, शपथ मी घेवचंय नाय."

"अरे, खरंच बोलणार आहेस ना?"

"खराच. पण रामेश्वराची शपथ? खऱ्यासाठी पण नाय. माझ्या आजोबान एकदा घेतली होती, तेचो त्रास सगळ्या घरान भोगलो. आवशीन मरताना माझ्याकडून वचन घेतला, देवाक असो कधी वेठीक धरू नको म्हणान."

कपाळावर हात मारून घेतला मी! बद्रसाहेबांनी पेनचं टोपण लावलं. "शपथ नाही म्हणजे साक्षीला वजन नाही. विजया, मला अजून बेचाळीस बघायच्या आहेत. पुढची घे."

जयरामला अरबी कळत नव्हती, पण फाईल मिटलेली त्याला कळली. तो मटकन खाली बसला. माझा जीव तीळ तीळ तुटला, आणि तुळशीदासचा असा राग आला की काय सांगू. मी खेकसलेच, "शपथ नको तर गाऱ्हाणं घाल! देवाला गाऱ्हाणं घालायला तर आई आड येत नाही ना?"

 तुळशीदासने चपला काढल्या.

मी घाईघाईने साहेबांना सांगितलं, "आमच्याकडे माणूस देवापुढे मोठ्याने आपली हकिगत मांडतो, आणि जमलेले त्याला होकार देतात. देवापुढे खोटं बोलायची छाती कुणाची नसते. दोन मिनिटं द्या." त्यांनी घड्याळ बघितलं, डोळे चोळले आणि मान डोलावली.

तुळशीदासने हात जोडले. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," जयराम आणि मी एकदमच बोललो. नऊ दिवसांत त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला धड आवाज असावा.

"त्या दिवशी दुपारी जयराम माझ्याबरोबर जेवत होतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"फोरमन स्वतः फोर्कलिफ्ट उलटी घेवन इलो, चाक दोरीर चढला, दोरी तुटली. तुटलेल्या टोकाक टायराचा काळा लागला हा, ता मी ह्या डोळ्यांनी बघलंय, म्हाराजा! खरा काय ता तुका ठावक!"

मी एकेक वाक्य अरबीत करत होते. टायरचं ऐकताच बद्रसाहेब थांबले. त्यांनी फाईल परत उघडली. मागच्या बाजूला सील केलेली एक पिशवी टाचलेली होती. नऊ दिवस ती तशीच पडून, कारण उघडायला वेळ कुणाला होता? त्यांनी सील फोडलं. दोरी बाहेर आली. करवतीचा सरळ काप कुठेच नव्हता. टोक पार पिंजलेलं, आणि त्यावर हा जाड काळा रबराचा डाग.

 बद्रसाहेब हळूच म्हणाले, "हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं." आणि जयरामच्या सुटकेवर सही केली. फोरमनला शनिवारी हजर करायचा हुकूमही त्यांनी तिथेच लिहिला.

शिपायाने बेड्या काढल्या. हुश्श! जयराम मनगटं चोळत हमसून हमसून रडायला लागला. तुळशीदास त्याच्यावर ओरडला, "रडतंस कित्याक मेल्या, सुटलंस मा?" आणि स्वतःच डोळे पुसायला लागला. मीही त्यातलीच, दोन फायली उलट्या लावून बसले.

जाताना जयराम दारात थांबला. साहेबांचे आभार मानायचे होते, पण अरबी शब्द येईना आणि हिंदीही सुचेना. शेवटी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."

बद्रसाहेबांनी पुढची फाईल उघडली होती. मान वर न करता, अडखळत, पण अगदी मनापासून ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."