हाकेला ओ द्यायची नाही

विजयश्रीला गोष्ट रंगवायची भारी हौस. चिमूटभर मीठ पुरे असेल तिथं ती मूठभर टाकायची. कर्नाटकातल्या भालकीजवळच्या एका मराठी शाळेत बाईंनी सातवीच्या प्रत्येक पोराला पहिलीतला एकेक जोडीदार लावून दिला होता. लहानग्यानं गोष्ट सांगायची, चित्रं काढायची. मोठ्यानं ती लिहून, दोऱ्यानं शिवून तिचं पुस्तक करायचं. विजयश्रीच्या वाट्याला गंगम्माचा पोरगा बसवप्रभु आला. पहिलीतल्या पोराची गोष्ट ती केवढी असणार? ढवळी नावाची शेळी उसात वाट चुकते, मग घरी येते, संपलं.

एवढ्यावर पुस्तक कसं व्हायचं? म्हणून विजयश्रीनं उसाच्या वाटेवर एक भूत आणून बसवलं. ते आईच्या आवाजात हाक मारतं आणि कुणी ओ दिली की त्याला गिळतं. बसवप्रभुनं घाबरून विचारलं, मग ढवळी काय करते? उसात दडून गप बसते, ती म्हणाली, कुणी किती का हाका मारीना. पोरगं तिला असं चिकटून बसलं, की तिला आपल्या गोष्टीचा अभिमानच वाटला.

त्या दिवशी शाळा सुटली आणि बसवप्रभु घरी पोचलाच नाही. गंगम्मा त्याला आणायला निघाली होती. उसाच्या वाटेवर येताच तिनं रोजच्यासारखी लांबूनच हाक मारली होती, पण पोरगं काही दिसलं नाही. दिवस कलेपर्यंत सगळं गाव शोधत होतं. विहिरीत गळ टाकले, भालकीच्या रस्त्यानं मोटारसायकली जाऊन आल्या. त्या वाटेवरच्या शिवशंकरप्पांच्या उसाभोवती लोकांनी हाका मारमारून घसे बसवून घेतले. आतून ओ आली नाही, तेव्हा पोरगं तिथं नाही असं सगळ्यांनी धरून टाकलं. आणि तो ऊस आजच पेटवायचा होता. रानडुकरांच्या भीतीनं तोडणारी टोळी वाळलेलं पाचट जाळल्याशिवाय आत शिरायला तयार नव्हती.

बांधावरच्या गर्दीत विजयश्री उभी होती. ओ का येत नाही ते तिला एकटीलाच कळलं. सांगावं तर बाप चामडी सोलेल. न सांगावं तर पुढं काय, ते मनात आणायचीही तिची छाती होईना. टोळीतल्या एकानं काठीला चिंधी बांधून ती डिझेलात बुडवली, तशी ती शिवशंकरप्पांपुढं धावली.

"पेटवू नका, अप्पा. त्यो आतच हाय. भूत आईच्या आवाजात बोलवायलंय, ओ द्यायची न्हाई, असं म्याच सांगितलंय त्याला."

शिवशंकरप्पांनी काडीपेटी हिसकावून घेतली आणि चार माणसं आत घालायला निघाले. विजयश्रीनं हात जोडून त्यांना थांबवलं. माणसं घुसली तर पोरगं आणखी आत पळेल, आणि आत डुकरं आहेत. तिनं सगळ्यांना गप राहायला सांगितलं. हाक मारायची सोय नव्हती; तिची हाकसुद्धा भुताचीच ठरली असती. मग ती उसाकडं तोंड करून गोष्ट सांगायला लागली, मुद्दाम चुकीची.

एक होती शेळी. तिचं नाव काळी. आत काही हललं नाही. काळी उसात वाट चुकली. इथं नसेलच तो, आधीच काही झालं असेल, असं विजयश्रीच्या मनात आलं. तरी ती बोलत राहिली. काळी कधीच घरी आली नाही. काळी मेली.

"काळी न्हाई, ढवळी," आतून रडका आवाज आला. "आन् ती मरत न्हाई. घरी येती."

पाचट वाजलं. बसवप्रभु बाहेर आला तेव्हा उसाच्या पात्यांनी त्याचे गाल ओरखडले होते आणि चड्डी ओली झाली होती. गंगम्मा हात पसरून धावली. तो मागं सरकला, विजयश्रीच्या पाठीशी दडला आणि तिचा झगा धरून हळूच म्हणाला, "अक्का, ही अव्वाच हाय का?"

व्हय, तुझी आईच हाय, विजयश्री म्हणाली. त्यानं ऐकून घेतलं आणि झगा आणखी घट्ट धरला. गंगम्मा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्याला जवळ बोलवायला तिनं तोंड उघडलं, पण पोटच्या पोराला हाक मारायची तिला भीती वाटली.