दारावरची अडचण

पाटी म्हटलं की कुणाला शाळेतली आठवते, कुणाला डोक्यावरून वाहायची. मी त्यातली नाही. मी दारावरची. आयुष्यभर लोकांनी मला वाचलं, आता मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. मध्ये बोलायचं नाही.

खरं तर मी फळी व्हायची होते. आमचं कॉलेज कम्युनिटी कॉलेज. इथे वयाची अट नाही, मार्कांचा रुबाब नाही. सकाळी बेकरीत काम करून दुपारी हिशोबनीस व्हायला येणारे इथे आहेत आणि नातवाला शाळेत सोडून स्वतःच्या वर्गात पळणाऱ्या आज्याही. असाच एक निवृत्त कंडक्टर सुतारकाम शिकायला आला होता. घरच्या भांड्यांसाठी फळी करायची म्हणून त्यानं मला कापलं आणि आखूड कापलं. मास्तर म्हणाले, "गेली वाया. सरपणात टाका."

कंडक्टर म्हणाला, "मास्तर, मी उभ्या जन्मात एकाही माणसाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही. हिला कसा उतरवू?"

त्यानं मला रंधा मारला, कडा घासल्या आणि पाटी केली. माझी उजवी कड अजून थोडी तिरकी आहे. बघणारे बघतात, मी लक्ष देत नाही.

अंगावर पहिली अक्षरं आली ती 'शांतता राखा' अशी. मला वाचनालयात टांगलं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. अंगावर अक्षरं आणि त्यांचा अर्थ माहीत नाही, ही केवढी नामुष्की, ते ज्याला कळतं त्यालाच कळतं. पण तिथे प्रौढ साक्षरतेचा वर्ग भरायचा. माझ्याकडे बोट दाखवून बाया-माणसं एकेक अक्षर मोठ्यानं लावायची. श, शां, शांत. त्यांच्याबरोबर मीही लावलं. मला कुणी शिकवलेलं नाही, मी ऐकून शिकले. म्हणून सांगते, शांतता राखा हे वाचायला शिकताना जेवढा गलका झाला तेवढा त्या खोलीत पुन्हा कधी झाला नाही.

मग प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. मला काढून अडगळीत टाकलं, वर रंगाचे डबे ठेवले. पोटावर डबे घेऊन मी किती काळ पडून होते ते मोजलं नाही. रडलेही नाही. लाकूड चांगलं आहे, कधीतरी कुणाला तरी लागेल, एवढंच धरून बसले.

लागलेच. कॉलेजमध्ये शिकता शिकता मध्येच सोडून जाणारे फार झाले होते. कुणाला घरचं निस्तरत नव्हतं, कुणाला वर्गातलं कळत नव्हतं, कुणाला कुणाशी बोलावं तेच कळत नव्हतं. अशांसाठी एक खोली काढायची ठरली. आत दोन खुर्च्या, चहाची किटली आणि एक समुपदेशक बाई. प्राचार्यांनी स्वतः बसून नाव काढलं आणि माझ्या अंगावर निळ्या रंगात ते आलं : 'अडचण निवारण कक्ष'.

नाव भारदस्त होतं. मला दाराच्या खिळ्याला तारेनं टांगलं. दार हललं की मी दारावर आपटायचे, खट्. माझी पाठ खोलीकडे, तोंड बाहेरच्या बोळाकडे आणि समोरच्या बाकाकडे. आता येतील माणसं, असं म्हणत मी अंग ताठ केलं.

माणसं यायची. समोर थांबायची, वाचायची आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागायची. चपला घातलेली माणसंही वाकायची, इतकी त्यांची त्रेधा. काही जण फोन कानाला लावून "हो, हो, आलोच" करत निघून जायचे, समोरून कुणी बोलत नसताना. मी ऐकते ना, मला कळतं.

पहिल्यांदा जिनं दार ढकललं ती वायरिंगच्या वर्गातली मुलगी होती. आत जाऊन ती हळूच म्हणाली, "बाई, अडचण आहे."

"बस ना. कसली अडचण?"

"अडचण आहे, बाई."

"हो, पण कसली? घरची की अभ्यासाची?"

मुलीनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं, आणखी हळू. मग खण उघडल्याचा आवाज आला आणि बाई हसू दाबत म्हणाल्या, "हे घे. बाथरूम डाव्या हाताला आहे."

तुमच्या लक्षात आलं असेल. बायकांच्या बोलण्यात अडचण म्हणजे काय, ते घराघरात माहीत आहे. एका प्राचार्यांना सोडून. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. बाईंनी खणात पाकिटं भरून ठेवली. चांगलंच झालं, मुलींची सोय झाली. पण मग बोळात मुलं एकमेकांना सांगायला लागली, "तो बायकांचा कक्ष आहे, तिकडे जायचं नाही." पुरुष मंडळी तर माझ्या समोरून जाताना भिंतीकडे बघायला लागली. ज्या खोलीत सगळ्या कॉलेजनं यायचं, तिच्यापुढे मी पहारेकऱ्यासारखी आडवी. माझ्या अंगावरच्या अक्षरांनी मला कधी एवढा त्रास दिला नव्हता.

त्याच दिवसांत आत्या आली. पन्नाशी ओलांडलेली, खांदे रुंद, गळ्यात शिवणकामाची टेप माळेसारखी. कपड्यांच्या कारखान्यात तिचं आयुष्य गेलं, मग कारखानाच बंद झाला. आता ती वायरमन व्हायला आली होती. पहिलं पाकीट नेलेली वायरिंगच्या वर्गातली ती मुलगी तिची सख्खी भाची, दोघी एकाच वर्गात. भाची आत्या म्हणायची म्हणून वर्ग आत्या म्हणायला लागला, मग मास्तरही. एवढंच काय, प्राचार्यांनीही एकदा भाषणात "आपल्या आत्या" म्हटलं, तेव्हा ही म्हणाली, "यांचा बाप माझा भाऊ कधी झाला?"

आत्याचं एकच म्हणणं होतं. स्वतःचं दुकान टाकायचं आणि त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची. ते ऐकलं आणि मी तिची झाले.

पण आत्या दशांशात अडकली. तारेची जाडी, विजेचा भार, सगळीकडे ते टिंब. चाचणीत नापास झाली. दुसऱ्यांदा नापास झालं की वर्गातून नाव कमी होतं, असा नियम. दोघी समोरच्या बाकावर बसून भांडत होत्या.

"आत्या, आत जा ना. बाई चांगल्या आहेत."

"वाच, काय लिहिलंय?"

"अडचण निवारण कक्ष."

"माझी अडचण बंद होऊन जमाना झाला. या वयात मी त्या दारातून आत गेले तर वर्तमानपत्रात छापून येईल."

भाची हसून बाकावरून घसरली. आत्या हसली नाही. "आणि दुसऱ्या अर्थानं म्हणशील, तर तीही नाही. मला कसलीही अडचण नाही. मला फक्त ते टिंब कुठे ठेवायचं ते कळत नाही."

"मग मी शिकवते."

"तुझी दुपटी धुतलीत मी."

"किती वेळा ऐकवशील?"

"टिंब कळेपर्यंत."

भाची पाय आपटत गेली. आत्या बसून राहिली. कुणी बघत नाही असं वाटलं की माणसाचा चेहरा खाली उतरतो. पाटीसमोर कुणी चेहरा सांभाळत नाही. त्या चेहऱ्याला दार हवं होतं आणि दारावर मी होते.

दुसरी चाचणी जवळ आली तशी आत्या एका दुपारी हातात पकड आणि टेस्टर घेऊन आली. कॉलेजनं शिकायला दिलेली हत्यारं परत करायची आणि जायचं, असं ठरवून. हाकलून देण्याआधी आपणच उठलेलं बरं, असं काहीतरी पुटपुटत होती. ऑफिस जेवणासाठी बंद होतं. म्हणून ती माझ्यासमोर बसली. मला वाचत राहिली. पुन्हा वाचलं. मग तिचे डोळे बारीक झाले.

ती उठली, मला खिळ्यावरून उचललं आणि दार ढकलून थेट आत.

"ही पाटी कुणी लिहिली?"

बाई किटलीत पाणी ओतत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. एक धिप्पाड बाई, एका हातात पकड, दुसऱ्या हातात मी. त्या एवढंच म्हणाल्या, "या, बसा."

"मी बसायला आले नाही. मी विचारायला आले. शिंप्याच्या दुकानावर काय लिहितात? 'फाटलेले कपडे' असं लिहितात का?"

"नाही."

"दवाखान्यावर 'खोकला' लिहितात?"

"नाही लिहीत."

"मग इथे आधीच का लिहिलंय, की आत जाणाऱ्याचं काहीतरी बिघडलेलं आहे? आत जाण्याआधी सगळ्या बोळासमोर कबूल करायचं, मी अडलेली आहे? अहो, माणसाला थोडी तरी अब्रू ठेवा."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "काय लिहू या?"

"मी आल्या आल्या तुम्ही काय म्हणालात?"

"या, बसा."

"तेच लिहा."

आणि मग भांडण संपलं म्हणून, किंवा पाय दुखत होते म्हणून, आत्या बसली. मला मांडीवर घेऊन बसली. मी पहिल्यांदा ती खोली आतून पाहत होते. बाईंनी चहाचा कप पुढे केला आणि सहज विचारलं, "ही पकड कुठे निघाली?"

त्या प्रश्नाला आत्या तयार नव्हती. तिची बोटं माझ्या तिरक्या कडेवरून फिरत राहिली. मग सगळं आलं. कारखाना, टिंब, भाची पटकन गणित सोडवते आणि आपण तिच्या मागच्या बाकावर घाम पुसतो, ते. शेवटी म्हणाली, "दुकान टाकायचंय मला. सोडायचं नाहीये. पण सोडतेय."

"गणित मलाही फारसं येत नाही," बाई म्हणाल्या. "पण मास्तर मधल्या सुट्टीत इथे बसतील, मी विचारते. आणि चाचणीला जास्त वेळ मागता येतो. नियमात आहे."

"मग सांगत का नाही कुणी?"

"कुणी विचारायला येत नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "हिच्यामुळे," म्हणाली. मला लागलं, पण खोटं नव्हतं. चहा संपला तेव्हा तिनं पकड पिशवीत परत ठेवली.

आता नाव बदलायचं तर प्राचार्यांची परवानगी हवी. ते आले, त्यांनी मला हातात धरलं. "'या, बसा' हे काय नाव आहे? कुणाची बैठकीची खोली आहे का? आणि 'अडचण' या शब्दात अडचण काय आहे?"

बाई म्हणाल्या, "सर, त्याचा दुसराही एक अर्थ होतो."

"कुठला?"

बाईंनी किटलीकडे पाहिलं. आत्या सरळ म्हणाली, "साहेब, घरी विचारा."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य आले ते जमिनीकडे बघत. "बदला. लगेच बदला. पण 'कक्ष' हा शब्द पाहिजे. कार्यालयीन नाव आहे शेवटी."

असं माझं नवं नाव पडलं : 'या, बसा कक्ष'. रंगारीकामाच्या वर्गानं निळी अक्षरं खरवडली तेव्हा दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. आता सगळं कॉलेज एका दमात 'याबसा' म्हणतं. "कुठे होतास रे?" "याबसात." भिंतीकडे बघत जाणारी मुलंसुद्धा येतात. खणातली पाकिटं अजून आहेत, तीही जातात.

त्या मधल्या सुट्ट्यांत मास्तर टिंब समजावून थकले. कळलं ते वेगळ्याच रीतीनं. एकदा भाची चिडून म्हणाली, "आत्या, गळ्यातली टेप काढ. उलटी कर."

"उलटी कशाला?"

"या बाजूला इंच आहेत, तू जन्मभर हीच बाजू वापरलीस. पाव, अर्धा, पाऊण. आता मागची बघ. दोन मोठ्या रेघांमध्ये किती घरं?"

आत्यानं एकेक घर मोठ्यानं मोजलं. "दहा."

"मोठी रेघ झाली की टिंब. पुढे जेवढी घरं, तो आकडा."

मग आत्याचा आवाज आला. "एवढी वर्षं हे माझ्या मानेवर होतं?" आणि थोड्या वेळानं, "दुपट्यांचं मी आता काढणार नाही."

"काढ गं," भाची म्हणाली. "सवय झाली आहे."

चाचणीच्या दिवशी आत्यानं जास्त वेळ मागितला. मान ताठ ठेवून मागितला, जसं दुकानात सुटे पैसे मागतात. निकाल लागला तेव्हा ती बोळातून चालत आली. माझ्यावर तळहातानं एक थाप मारली आणि पुढे गेली. थापेवरूनच मला कळलं.

आज तिच्या दुकानावर तिच्या नावाची पाटी आहे. मी ती पाहिलेली नाही, माझ्या नशिबी फिरणं नाही. पण भाची सांगते, अक्षरं चांगली ठसठशीत आहेत. बोळातलं जुनं वायरिंग बदलायचं काम कॉलेजनं आत्यालाच दिलं. सगळे दिवे लावून झाल्यावर तिनं एक दिवा कुणी न सांगता माझ्या डोक्यावर लावला.

मी आता जुनी झाले आहे. तारेचा पीळ सैल पडलाय, 'कक्ष'मधल्या 'क'चा रंग उडालाय. पण खिळा घट्ट आहे आणि मी सुटणार नाही. इथे या बोळात माझ्यासमोर उभं राहून, नाडी बांधायचं नाटक करणारा एकही माणूस असेपर्यंत तर नाहीच.

परवाच एक जण होता. नवा, गोंधळलेला, मला वाचून पुन्हा वरपासून वाचत होता. शिडीवर आत्या दिव्याचा स्क्रू घट्ट करत होती. ती वरूनच म्हणाली, "वाचून झालं असेल तर दार ढकला. पाटी काही आत नेत नाही."

त्यानं ढकललं. खट्.

तुम्हीही तेच करा. माझं सांगून झालं.