वहीतला डोह

सारंगखेड्याच्या पुलाजवळ शोभाबाईंचं चहाचं हॉटेल आहे. तिथल्या खिळ्याला नवनीत मास्तरांनी सुतळीने दोनशे पानी वही बांधली, ती हिंमतरावांमुळे. हिंमतरावांच्या गळाला लागलेला मासा सकाळी वीतभर असायचा, दुपारी हातभर व्हायचा आणि संध्याकाळी गळच तोडून पळायचा. "यापुढे हाताने दाखवायचं नाही, लिहायचं," मास्तरांनी फर्मान काढलं. "लिहिलेला मासा वाढत नाही."

आणि लोक खरंच लिहू लागले. कुठे बसलो, कणकेची गोळी लावली की गांडूळ, काय निसटलं. वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून तापीवर बसणारे गळवाले आता एकमेकांची पानं वाचून हसत, चहा पाजत. मास्तर पानांचे फोटो मोबाईलच्या ग्रुपवर टाकत. शहादा, नवापूर, पार सुरतेपर्यंत तीनशे माणसं जमली. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं मास्तर लिहून देत, आणि वाहवा त्या पानांनाच जास्त मिळे. कौतुकाने माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो. मास्तर तर शेंड्यावर जाऊन बसले होते.

वीरसिंगचं पान उन्हाळ्यातलं. तो धडगावकडचा पावरा आदिवासी, इकडे पपईच्या बागेत कामाला आलेला. संध्याकाळी मास्तरांशेजारी गळ टाकून बसायचा. त्याने आपल्या गावचा डोह सांगितला. पावसाळ्यात महाशीर मासे अंडी घालायला तिथे चढतात, म्हणून नवाईची पूजा होऊन नवं धान्य तोंडाला लागेपर्यंत त्या पाण्यात कोणी गळ टाकत नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "गावनं नाव लिखू नको, मास्तर."

मास्तरांनी नाव लिहिलं नाही. पण लिहिणाऱ्याच्या हाताला खाज असते. धडगावच्या रस्त्यावरची मोरी ओलांडली की तिसरं वळण, तिथे पाण्यावर ओणवलेली सादड्याची दोन झाडं, एकावर वीज पडलेली. चारच ओळी. त्या रात्रभर ग्रुपवर फिरल्या आणि मास्तर सकाळपर्यंत पसंतीचे अंगठे मोजत राहिले.

श्रावणात तिघे मोटरसायकलीवर गेले आणि जिलेटिनच्या कांड्या टाकून डोह उडवला. अंड्यांनी भरलेले महाशीर पोट वर करून दोन दिवस वाहत होते. ही बातमी ग्रुपवरच आली. मास्तरांनी ती वाचली, फोन पालथा ठेवला आणि शोभाबाईंना उगाचच म्हणाले, "मी नाव लिहिलं नव्हतं."

"तुमले कोन काय म्हने?" शोभाबाई म्हणाल्या. खाई त्याला खवखवे. मास्तर चहा अर्धा टाकून उठले.

भादव्यात वीरसिंग आला. एसटीतून उतरला तो थेट हॉटेलात, आणि बाकड्याच्या कडेला टेकला. गावकऱ्यांनी त्या तिघांना मोरीवर पाहिलं होतं. मोबाईल बघत, वळणं मोजत चालले होते. खाली मैदानी भागात कामाला गेलेला गावातला माणूस एकच. डोह त्यानेच विकला म्हणतात. यंदा नवाईच्या पंगतीत त्याला बसू देणार नव्हते.

"मी पंचेसले सांगं, मास्तरनी नाव लिखेल नही. शपथ घीसन सांगं," तो म्हणाला. "तू काय लिखेल शे, वाची दाखाड."

मास्तरांनी वही उघडली. त्यांनी वाचलं: मासे, पाऊस, नवाई, बापाने शिकवलेला गळ. त्या चार ओळी गाळून आवाज न अडखळता पुढे गेला. तीस वर्षं वर्गात वाचून कमावलेली सफाई ती, इथे कामाला आली. स्वतःचीच शिसारी आली त्यांना.

वीरसिंगचा चेहरा उजळला. "दे मंग हाई पान. मन्ही पोर सोनम नववीमा शे. ती पंचेसपुढे वाची दाखाडी."

मास्तरांचा हात वहीवरच राहिला. सोनम काही सोडणार नाही, एकेक अक्षर वाचेल, भर पंचांत, बापासमोर. आपण आता खरं बोलणार ते पोरीच्या भीतीने, हेही त्यांना कळत होतं. भीतीने तर भीतीने.

"थांब, वीरसिंग. बठ्ठं वाचं नही मी," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून वाचलं. मोरी. तिसरं वळण. दोन सादडे. वीज पडलेला एक.

वीरसिंगने पानासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मन्ही चूक शे," मास्तर म्हणाले. "मी येस तुन्हासंगे. मीच वाचस पंचेसपुढे."

"ये," वीरसिंग म्हणाला. मग वहीकडे न बघता म्हणाला, "पहिले वाचं, तवय सादडा उना नही. मी तर तुले सांगेल व्हता. मले वाटनं, मास्तरनी आपलं गुपित राखं, लिखंच नही. मले इतलं बरं वाटनं, मास्तर."

मास्तरांना मान वर करवेना. रागावला असता तर बरं झालं असतं. शोभाबाईंनी काही न विचारता विळीने सुतळी कापली आणि वही त्यांच्या हातात दिली. धडगावची एसटी लागली होती. वीरसिंग पुढे चढला आणि खिडकीजवळची जागा मास्तरांसाठी सोडून बसला.