गुणाचं पोर

अंगणात मळणीयंत्र धडधडत होतं, भुसा घरभर उडत होता, आणि दारामागच्या खाटेवर चार दिवसांचं पोर ढिम्म झोपलं होतं.

"असं गुणाचं पोर जन्मात बघितलं नाही बाई," सासू भुशानं पांढऱ्या झालेल्या भुवया पुसत म्हणाली. "एवढा दणका चाललाय, पण हूं नाही की चूं नाही. तुझा नवरा तर मांजर दारावरून गेलं तरी घर डोक्यावर घ्यायचा."

धाकटीला, म्हणजे घरच्या धाकट्या सुनेला, हे कौतुक ऐकून ऐकून वीट आला होता. जो येई तो पोराचे गुण गाऊन जाई. तिला मात्र दिसत होतं ते वेगळंच. पोर छातीशी धरलं की दोन घोट घेई आणि मान टाकी. तळपायाला टिचक्या मारल्या, कान चोळले, तरी डोळा उघडेना. न प्यालेल्या दुधानं तिची छाती दगडासारखी झाली होती. आणि रंग तर बघवत नव्हता. परवा नुसता चेहरा पिवळसर वाटला होता. आज लंगोट बदलताना पाहिलं, तर पिवळेपणा पोटावरून मांड्यांपर्यंत उतरलेला. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं.

"आई, याला दवाखान्यात न्यायला हवं."

"झालं तुझं सुरू? तुझी थोरली लेक नव्हती पिवळी झाली? कोवळं ऊन दाखवलं, उतरली की. आता बघ, हातात सापडत नाही."

"थोरली रडत होती. दूध पीत होती."

"हा तीन आठवडे लवकर आलाय. दमलंय लेकरू, झोपू दे."

"आणि डोक्यावरचं टेंगूळ?"

"अडलेलं पोर ओढून काढलंय, टेंगूळ येणारच. जिरेल. आणि खरं सांगू का? दिवस असताना भोपळा हाणलास ना पिवळाधमक, त्याचं आहे हे सगळं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोपळा रोज शिजवत कोण होतं? हीच माउली! परसात वेल मातला होता, अन् भाजी विकत आणायची म्हटलं की हिच्या पोटात गोळा यायचा. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

ती तरातरा अंगणात गेली. नवरा घामानं न्हाऊन यंत्रात पेंढ्या सारत होता. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं, वारा मातीचा वास घेऊन अंगावर येत होता.

"पोर पिवळं झालंय!" ती ओरडली.

"काय पिवळं?"

"पोर!"

"उद्या नेऊ! आभाळ बघ जरा. आज मळणी राहिली तर वर्षाचं खाणं चिखलात जाईल."

तो वाईट नव्हता. पण त्याची नजर आभाळाला चिकटली होती, ती खाली यायला तयार नव्हती. धाकटीला वाटलं, दगडावर डोकं आपटावं. या घरात प्रत्येकाजवळ उत्तर होतं, फक्त पोराकडे नीट बघायला कुणाला फुरसत नव्हती.

ती आत गेली, पोर उचललं आणि थेट ट्रॅक्टरपुढे येऊन उभी राहिली. यंत्रवाल्याला सगळे भोंगा म्हणत, कारण यंत्राच्या वरताण त्याचा आवाज.

"यंत्र बंद करा!"

"काय झालं, वहिनी?"

"आधी बंद करा!"

भोंग्यानं यंत्र बंद केलं. एकदम सगळं सुन्न झालं. ओसरीखाली झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावला, "मोडलं का काय?" थोरली घाबरून रडत आली. नवऱ्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"दचकलात ना सगळे? कुत्रंसुद्धा दचकलं. आता याच्याकडे बघा."

पोराचा हात ओल्या फडक्यासारखा खाली लोंबत होता. उघड्या उजेडात तो पिवळा रंग लपेना.

भोंग्यानं यंत्राचा पट्टा उतरवला. "ट्रॉली जोडा रे. बघताय काय माझ्या तोंडाकडे?"

"गहू..." नवरा पुटपुटला.

"गहू पुढच्या वर्षीपण येईल की!"

पावसानं त्यांना अर्ध्या वाटेत गाठलं. धाकटीनं पोरावर पदर धरला, सासूनं दोघांवर पोतं धरलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराच्या छातीवर बोट दाबून पाहिलं आणि टाचेतून रक्त घेतलं. "दिवस भरले होते?"

"तीन आठवडे लवकर," धाकटी म्हणाली.

"म्हणजे लिव्हर अजून कच्चं. टेंगळात साकळलेलं रक्त फुटतं, त्यानंही कावीळ वाढते. दूध पीत नाही, म्हणजे शी होत नाही, मग कावीळ बाहेर पडणार कुठून? मोठ्या भावंडाला झाली होती?"

"झाली होती की! आपोआप उतरली," सासू घाईनं म्हणाली.

"मग आजी, याच्यावर डबल लक्ष ठेवायला हवं होतं. एकाला झाली की पुढच्यालाही व्हायची भीती असते. आईबापाचे रक्तगटही बघू. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मेंदूवर गेली असती."

घरात ज्या ज्या गोष्टीनं धाकटीला गप्प केलं होतं, तीच आता दुखण्याचं कारण म्हणून समोर येत होती. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"पण भोपळा..." सासूनं विचारलंच.

"आजी, तसं असतं तर वांगी खाणाऱ्या बायकांची पोरं जांभळी झाली नसती का?"

पोराला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. धाकटी दूध पिळून चमच्यानं पाजत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरानं पाय झाडले, तोंड वासलं आणि असा काही टाहो फोडला की पार बाहेरच्या बाकावर भिजलेल्या गव्हासाठी उसासे टाकत बसलेली सासू धावत आत आली.

"बाई बाई, कसला हा रडका!"

"रडका म्हणा, आई. पण पुन्हा गुणाचा म्हणालात तर याद राखा."

पोर बरं होऊन घरी आलं. अंगणात भिजलेल्या गव्हाला मोड आले होते. धाकटी पोराला घेऊन परसदारी गेली, तर सासू कासोटा खोचून भोपळ्याचा वेल मुळासकट उपटत होती.

"अहो आई! डॉक्टर काय म्हणाल्या?"

"त्या म्हणतील. विषाची परीक्षा कशाला?"

पालथ्या घड्यावर पाणी! धाकटीनं भांडायला पदर खोचला, तेवढ्यात खांद्यावरच्या पोरानं गळा काढला. वेल टाकून सासू धावली. "अगं, घे ना त्याला पदराखाली! किती रडतोय!"

धाकटी तिथंच दारात टेकली.

"घेते," ती म्हणाली. "जरा ऐकू द्या की."